इएसआयचे आजारपणाचे पैसे कोणाला मिळतात, कोणाला नाही: टेबलाच्या आतल्या बाजूने

निवृत्तबाबू

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कोणीतरी लिहिलं होतं, "इएसआयच्या ऑफिसात बसलेल्याच्या मनात असेल तर पैसे, नाहीतर फेऱ्या." फेऱ्यांबद्दल मी भांडणार नाही, मनाबद्दल मात्र भांडेन. इएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, आणि नोकरीतली बरीच वर्षं मी तिच्या शाखा कार्यालयात क्लेमच्या टेबलावर काढली. तिथे बसणाऱ्याच्या मनाला वाव फार थोडा असतो. बहुतेक निकाल माणूस आजारी पडण्याआधीच लागलेला असतो, आणि तो कंपनीच्या हजेरीत लागतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार या योजनेत येतो (दिव्यांग असेल तर २५,०००). जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. त्यातून दवाखाना मिळतो, आणि आजारपणात पगार बुडाला तर रोजच्या सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते.

क्लेम समोर आला की आम्ही आधी डॉक्टरचं सर्टिफिकेट बघत नसू, आधी भरलेले दिवस बघत असू. वर्षाचे दोन भाग असतात. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये आजारपणाचे पैसे मिळू शकतात. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर पुढचे जुलै ते डिसेंबर. हा ७८ चा आकडा आकाशातून पडलेला नाही. महिन्याचे २६ कामाचे दिवस धरले तर सहा महिन्यांचे १५६ होतात, त्याचे निम्मे ७८.

नव्वद टक्के भांडणं (हा आकडा माझ्या कानांचा आहे, सरकारी नाही) इथेच होतात. माणूस फेब्रुवारीत आजारी पडतो आणि टेबलावर हात आपटून सांगतो, "साहेब, नोव्हेंबरपासून एक खाडा नाही." खरं बोलत असतो. पण फेब्रुवारीच्या आजाराला नोव्हेंबरची हजेरी लागूच होत नाही, त्याला मागच्या एप्रिल ते सप्टेंबरची लागते. त्या काळात तो बहिणीच्या लग्नाला, मग पेरणीला गावी गेलेला असतो आणि भरलेले दिवस ७५ निघतात. ७५ म्हणजे शून्य. तीन दिवसांसाठी निम्मे पैसे देण्याची सोय कायद्यात नाही आणि साहेबाच्या हातातही नाही.

पुढचं लिहितो, आधी कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

भोसरीचा_वाघ

काका, मस्त धागा. दोन दिवस का कापतात ते पण सांगा. माझे डेंगीत दहा दिवस गेले, पैसे आठच दिवसांचे आले. मला वाटलं मध्ये कोणीतरी खाल्ले.

निवृत्तबाबू

खाल्ले नाहीत. आजारपणाच्या प्रत्येक फेरीचे पहिले दोन दिवस बिनपैशाचे असतात. एक दिवसाच्या डोकेदुखीचे क्लेम येऊ नयेत म्हणून ते आहे. पण आधीच्या आजारपणाचे पैसे मिळाले असतील आणि ते संपल्यापासून १५ दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात, तर दुसऱ्या वेळी हे दोन दिवस कापत नाहीत.

दर कसा काढतात तेही बघा. समजा त्या सहा महिन्यांत १५० दिवसांचा पगार ८४,००० झाला. रोजचे ५६०. त्याचे ७० टक्के ३९२. आठ दिवसांचे ३,१३६. लागोपाठच्या दोन लाभकाळांत (म्हणजे पैसे मिळू शकतात त्या सहा-सहा महिन्यांत) मिळून जास्तीत जास्त ९१ दिवस मिळतात.

टाइमऑफिस

मी दुसऱ्या बाजूने बोलतो, शिव्या खायची तयारी ठेवून. माझ्याकडे हजेरी आहे. गणपतीच्या आधी आणि शिमग्याच्या आधी सिक सर्टिफिकेटची जी लाट येते ती कुठल्या विषाणूमुळे येते ते डॉक्टरांनी सांगावं. रजा नामंजूर झाली की तिसऱ्या दिवशी कंबरदुखीचं सर्टिफिकेट हजर. आणि या काळात आम्ही त्याला ना काढू शकत ना मेमो देऊ शकत, इएसआय कायद्याचं कलम ७३ आडवं येतं. तुमचा तो ७८ दिवसांचा नियम याला अडवतो का? नाही. कारण हा माणूस वर्षभर इमानदारीत भरतो आणि फक्त सणाला आजारी पडतो.

निवृत्तबाबू

टाइमऑफिस, लाट येते हे खरं. मी कशाला नाही म्हणू. पण शाखेत बसून ती ओळखण्याची साधनं ठरलेली आहेत. एक तर तुमच्याकडूनच येणारा फॉर्म १०. आम्ही तुम्हाला विचारतो की अमुक ते अमुक तारखेला हा माणूस खरंच कामावर नव्हता का, आणि त्या दिवसांचा पगार किंवा भरपगारी रजा दिली का. काम केलं, किंवा भरपगारी रजेवर होता, तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. कित्येक कंपन्या हा फॉर्म कोराच सही करून पाठवतात आणि मग इथे येऊन खोट्या सर्टिफिकेटांबद्दल तक्रार करतात. तुम्ही तसं करत नसाल असं धरून चालतो.

दुसरं साधन मेडिकल रेफरी, म्हणजे फेरतपासणी करणारा इएसआयचा डॉक्टर. दर वेळी सुट्टीला चिकटून येणारं आजारपण, लहान लहान फेऱ्या, तारखेवर खाडाखोड, एकाच डॉक्टरकडून एकाच खात्यातल्या पोरांना एकाच आठवड्यात सर्टिफिकेटं, असं काही दिसलं की शाखा व्यवस्थापक प्रकरण रेफरीकडे पाठवतो. रेफरी स्वतः तपासतो. त्याने "कामाला योग्य" म्हटलं की त्या तारखेपासून पैसे थांबतात. बोलावूनही गेला नाही तरी थांबतात.

पॅनेलडॉक्टर

मुंबईत वडिलांच्या वेळेपासून आमचा दवाखाना इएसआयच्या पॅनेलवर होता, म्हणून लिहितो. ज्यांना पॅनेल म्हणजे काय ते माहीत नाही त्यांना: सरकारी दवाखान्याऐवजी खाजगी डॉक्टरलाच कामगारांची यादी नेमून द्यायची आणि माणशी ठरलेला मोबदला द्यायचा, अशी ती पद्धत.

कायद्यातली व्याख्या मजेदार आहे. आजारपण म्हणजे अशी अवस्था की जिला औषधोपचार लागतात आणि वैद्यकीय कारणाने कामापासून दूर राहावं लागतं. दोन्ही अटी एकाच वेळी हव्यात. मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, पण काम करता येतं: हा माणूस रुग्ण आहे, या कायद्यापुरता आजारी नाही. उलटा प्रकार जास्त त्रासाचा. काम करवत नाही पण तपासणीत काही सापडत नाही. ताप मोजता येतो, कावीळ रक्तात दिसते. कंबर मोजता येत नाही. समोरचा पॉवर प्रेसवर बारा तास उभा असतो आणि सांगतो वाकवत नाही. तो ऑफिसात बसणारा असता तर मी मलम देऊन पाठवला असता. म्हणजे मी आजार तपासतो की त्याचं काम तपासतो? दोन्ही. सर्टिफिकेटावर मात्र फक्त आजार लिहायला जागा असते.

आणि आमच्यावरही नजर असते. जास्त सर्टिफिकेटं दिली की "लॅक्स सर्टिफिकेशन" (ढिलाईने सर्टिफिकेटं वाटणं) म्हणून विचारणा होते. कमी दिली की दवाखान्याच्या दारात युनियन. टाइमऑफिस साहेबांना उत्तर: गणपतीच्या आधी येणाऱ्या सगळ्यांना मी ओळखायचो. काहींना हाकलायचो, काहींना द्यायचो. जो वर्षभर खोकत असतो पण सर्टिफिकेट मागत नाही, त्याने गणपतीला मागितलं तर मी देत असे. हे नियमात बसत नाही, माहीत आहे.

काहीच्याकाही

थोडक्यात डॉक्टर कबूल करतायत की पैसे मनावर मिळतात. धागाकर्त्याचा मुद्दा खलास. 😀

निवृत्तबाबू

खलास नाही हो, जागा बदलली. मन आहे ते डॉक्टरच्या खोलीत आहे. टेबलावर आकडे आहेत. आणि डॉक्टरचं मन कितीही मोठं असलं तरी ७५ चे ७८ तो करू शकत नाही.

सुनीता_चाकण

नमस्कार. मी इथे फक्त वाचत असते, आज लिहितेय. माझा भाऊ सहा वर्षं एकाच कंपनीत ठेकेदाराच्या मार्फत आहे. फेब्रुवारीत कावीळ झाली, चांगला तीन आठवडे झोपून होता. सर्टिफिकेटं इएसआयच्याच दवाखान्याची आहेत, सगळी आहेत. ऑफिसमध्ये सांगितलं की "नऊ महिने झालेले नाहीत, बसत नाही." सहा वर्षं झालेल्या माणसाला नऊ महिने झाले नाहीत म्हणजे काय? त्याने परत विचारलं तर "सिस्टीम दाखवत नाही" एवढंच उत्तर. हजेरी त्याची चांगली आहे. काका, काही करता येईल का?

निवृत्तबाबू

सुनीताताई, एक विचारतो. मधे ठेकेदार बदलला होता का? आणि भावाकडे विमा क्रमांक एकच आहे की दोन? पगाराच्या स्लिपवर दहा आकडी नंबर असतो, जुनी आणि नवी स्लिप शेजारी ठेवून बघा.

सुनीता_चाकण

हो, जुलैपासून नवीन ठेकेदार. थांबा, बघते.

सुनीता_चाकण

वेगळे आहेत काका! शेवटचे चार आकडे पूर्ण वेगळे. त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. जुन्यावर आधारमधलं नाव आणि कार्डावरचं नाव यात पण फरक आहे.

निवृत्तबाबू

मग सगळं कळलं. नवीन ठेकेदाराने जुना नंबर न विचारता भावाची नव्याने नोंदणी केली. त्यामुळे सिस्टीमच्या दृष्टीने तुमचा भाऊ १ जुलैला आयुष्यात पहिल्यांदा नोकरीला लागला. पहिल्यांदा विम्यात येणाऱ्याचा पहिला लाभकाळ नोकरीपासून नऊ महिने झाल्यावर सुरू होतो, म्हणजे त्याच्या बाबतीत १ एप्रिलला. तोवर दवाखाना आणि औषधं मिळतात, पैसे नाहीत. (अशा नव्या माणसाला ७८ दिवसही लागत नाहीत. त्याच्या वाट्याला १५६ पेक्षा कमी दिवस आले असतील तर जितके आले त्याच्या निम्मे पुरतात.) फेब्रुवारीतली कावीळ नऊ महिन्यांच्या आत आली, म्हणून "बसत नाही". खिडकीवरच्या माणसाने खोटं सांगितलं नाही, पण त्याच्या स्क्रीनवर अर्धाच भाऊ होता.

करायचं काय: दोन्ही नंबर एकत्र करून घ्यायचे. शाखेत साधा अर्ज द्या, दोन्ही नंबर लिहा, जुनं पेहचान कार्ड, आधार, दोन्ही ठेकेदारांच्या स्लिपा, बँकेचं पासबुक. नावातल्या फरकासाठी आधी आधारची जोडणी दुरुस्त करावी लागेल. ठेकेदाराकडून "हा तोच माणूस" असं पत्र मिळालं तर उत्तम. तो देत नसेल तर मूळ कंपनीच्या एचआरकडे जा. ठेकेदाराच्या कामगारांच्या वर्गणीची जबाबदारी शेवटी मूळ मालकावर असते, त्यामुळे ते ऐकतात. आणि अर्जाची पोच घ्या. पोच न घेता परत येऊ नका.

वकीलीण

वर काका म्हणाले त्यात भर. क्लेम देय झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत मागणी केलेली असली पाहिजे, हे विसरू नका. तोंडी "बसत नाही" हा निकाल नव्हे, लेखी मागा. लेखी नकार हातात असेल तर कलम ७५ खाली कामगार विमा न्यायालयात जाता येतं, आणि त्यासाठी मुदत तीन वर्षांची आहे. दिवाणी कोर्टात हे प्रकरण चालत नाही. विमा न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात अपील होतं, पण ६० दिवसांत आणि फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर.

आणखी एक कलम कामगारांना कोणी सांगत नाही, ६८. मालकाने वर्गणी भरलीच नाही आणि त्यामुळे कामगाराचा हक्क बुडाला, तर महामंडळ (इएसआय चालवणारं) खात्री करून घेऊन कामगाराला पैसे देऊ शकतं आणि मग मालकाकडून वसूल करू शकतं. "देऊ शकतं" आहे, "देईलच" नाही. पण पगारातून कपात झाल्याची स्लिप असेल तर मागायला काय हरकत आहे?

(हे सगळे क्रमांक १९४८ च्या कायद्यातले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अंमलात आली आहे, त्यामुळे नव्या अर्जात क्रमांक बघून घालावेत.)

भोसरीचा_वाघ

मालक पैसे कापतो आणि भरत नाही असं होतं का खरंच?

वकीलीण

होतं. आणि त्याहून बेमालूम प्रकार म्हणजे भरतो, पण दिवस कमी दाखवतो. २६ दिवस काम, विवरणपत्रात १३. किंवा "नोकरी सोडली" असं कारण टाकून शून्य. पोर्टलवर दर महिन्याला आपल्या नावापुढे किती दिवस पडले ते कामगाराला स्वतःच्या लॉगिनने दिसतं. मोबाइलवर रील बघतो त्यातली दोन मिनिटं तिथे द्या.

गोथेनबर्गकर

छान चर्चा. मी स्वीडनमध्ये असतो, गेल्या वर्षी बायको पाठीच्या दुखण्याने बराच काळ घरी होती, त्यामुळे इथली पद्धत आतून बघितली. तुमच्याकडचं वाचून गंमत वाटली, कारण इथे बरोबर उलटं आहे.

पहिले १४ दिवस मालकाचे. आठव्या दिवसापासून डॉक्टरचं पत्र लागतं. त्यानंतर प्रकरण सरकारी विमा संस्थेकडे जातं, तिचं नाव फॉर्शेक्रिंग्सकासान. पगाराच्या ८० टक्क्यांच्या थोडं खाली मिळतं. भरलेले दिवस वगैरे कोणी मोजत बसत नाही. पण डॉक्टरचं पत्र हा इथे निकाल नाही, पुरावा आहे. निकाल देतो तो संस्थेचा अधिकारी, जो डॉक्टर नाही आणि ज्याने माझ्या बायकोला कधी पाहिलेलंही नाही.

तो आजार विचारत नाही, काम करण्याची ताकद किती कमी झाली ते विचारतो. पाव, निम्मी, पाऊण की पूर्ण. पैसेही त्याच हिशोबात. डॉक्टरने नुसतं "पाठदुखी" लिहून चालत नाही. निदान काय, त्यामुळे शरीराचं कोणतं कार्य बिघडलं, आणि त्यामुळे नेमकं काय करता येत नाही, ही साखळी जुळली पाहिजे. "पाठ दुखते, बसवत नाही" पुरत नाही. "वीस मिनिटांच्या वर एका जागी बसता येत नाही, कारण अमुक मणक्यात तमुक दिसतं" असं हवं.

२००८ पासून यावर मुदतीही आहेत. पहिले ९० दिवस बघतात की स्वतःचं नेहमीचं काम जमतं का. ९१ ते १८० बघतात की त्याच मालकाकडे दुसरं एखादं काम जमेल का. १८१ व्या दिवसापासून प्रश्न असा होतो की देशात सर्वसाधारणपणे असणारं कोणतंही काम जमेल का. वर्षाच्या आत माणूस आपल्या कामावर परतेल असं दिसत असेल तर सवलत मिळते. पण नसेल, तर नर्स असलेल्या बाईला कागदावर सांगता येतं की तुम्ही हलकं बैठं काम करू शकता. ते काम कुठे आहे, हे सांगणं त्या अधिकाऱ्याचं काम नाही.

पॅनेलडॉक्टर

@गोथेनबर्गकर, हे वाचून मला आमच्या सर्टिफिकेटावरच्या त्या एका रकान्याचं प्रेम वाटायला लागलं. तिथे डॉक्टरांचं काय म्हणणं असतं?

गोथेनबर्गकर

आमच्या डॉक्टरबाई वैतागलेल्या होत्या. आधीच्या पत्रावर "अधिक तपशील द्या" असं परत आलं होतं. त्या म्हणाल्या, मी उपचार करू की निबंध लिहू. पण अधिकाऱ्याशी फोनवर बोललो तेव्हा तो माणूस बरा होता. म्हणाला, मी तुमच्या बायकोवर अविश्वास दाखवत नाही, मला कागदावर दिसेल तेवढंच मी मोजू शकतो. नकार आला तर आधी संस्थेकडेच दोन महिन्यांत फेरविचार मागायचा, मग प्रशासकीय न्यायालय. आमचं दुसऱ्या पत्रावर झालं.

निवृत्तबाबू

म्हणजे आमच्याकडे मेडिकल रेफरी जे अपवाद म्हणून करतो ते तिथे रोजचं. माझं मत विचाराल तर मला आमची पद्धत बरी वाटते, कारण ती निदान आधी मोजता येते. कामगाराला सप्टेंबर संपतानाच कळू शकतं की जानेवारीत आपण कुठे उभे असू. पण आमच्या पद्धतीला एक मोठं भोक आहे: पाव, निम्मं, पाऊण असं काही नाही. एक तर फिट नाहीतर अनफिट. हात मोडलेला वेल्डर स्टोअरला बसून याद्या लिहू शकतो, पण तसं केलं तर तो कामावर आला, पैसे बंद. मग तो घरीच बसतो.

गिरणगावचा

माझे वडील गिरणीत होते. इएसआय मुंबईत आलं ते १९५४ मध्ये. त्याचा पाया प्रा. आडारकरांच्या १९४४ च्या अहवालात आहे, आणि तेव्हा व्हॉइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद बाबासाहेब होते. हे मुद्दाम लिहितो, कारण लोकांना ही योजना कालपरवाची वाटते.

संपाच्या काळातला नियम कोणी लिहिला नाही. संपाच्या दिवसांचे आजारपणाचे पैसे मिळत नाहीत. अपवाद मोजके: रुग्णालयात दाखल असेल, दीर्घ आजाराचे पैसे चालू असतील, किंवा संपाची नोटीस लागण्याच्या आधीपासूनच आजारपणाचे पैसे घेत असेल. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रियाही त्यात येते. १९८२ चा संप १८ जानेवारीला सुरू झाला आणि संपला असं कधी जाहीरच झालं नाही. आता विचार करा, फेब्रुवारी ८२ मध्ये घरी तापाने फणफणणारा गिरणी कामगार कशात बसणार? आजारी होता, वर्गणी भरली होती, डॉक्टर होता. पण "संपावर" होता.

आणि खोकला. कापसाच्या धुळीने फुप्फुसं जातात त्याला बिसिनोसिस म्हणतात. तो कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून आहे. तो तसा ठरला तर हिशोबच वेगळा, कामावरची इजा म्हणून. पण दवाखान्यात लिहिलं जायचं ब्राँकायटिस, आणि ब्राँकायटिसचे ९१ दिवस संपले की संपले. कोणी मुद्दाम लिहीत होतं असं नाही. "बीडी ओढता का" हा पहिला प्रश्न असायचा आणि उत्तर हो असायचं.

निवृत्तबाबू

गिरणगावचा, हा मुद्दा मी लिहिणारच होतो, तुम्ही चांगला मांडलात. एकच आजार कोणत्या दारातून आत आला यावर सगळं बदलतं.

साधं आजारपण: ७८ दिवसांची अट, ७० टक्के, ९१ दिवस. दीर्घ आजार: क्षयरोग, कुष्ठरोग, कर्करोग, पक्षाघात, काही मानसिक आजार अशी ३४ आजारांची यादी आहे. त्यात ८० टक्के आणि दोन वर्षांपर्यंत, पण त्यासाठी दोन वर्षं सलग नोकरी आणि मागच्या चार वर्गणीकाळांत मिळून १५६ दिवस लागतात. कामावरची इजा: ९० टक्के, वर्गणीच्या दिवसांची अटच नाही, पहिल्या दिवशी कामाला लागला आणि त्याच दिवशी बोट गेलं तरी मिळतं.

म्हणून अपघात झाला की तो "अपघात" म्हणून नोंदला जाणं फार महत्त्वाचं. काही ठिकाणी सुपरवायझर म्हणतो, कशाला लफडं, आपण सिकमध्ये दाखवू, वरचे पैसे मी देतो. अपघात-वहीत नोंद नाही, मालकाचा फॉर्म १२ (अपघाताची खबर) नाही. पुढे हात कायमचा अधू झाला तर मेडिकल बोर्डापुढे दाखवायला काहीच उरत नाही. टायफॉइड म्हणून दाखवलेल्या माणसाची दोन बोटं मी टेबलापलीकडून मोजली आहेत.

टाइमऑफिस

हे मान्य. आमच्याकडे आधीचा मॅनेजर हेच करायचा, "शून्य अपघात" बोर्डापायी. कंपनीला जाताना वाटेत झालेल्या अपघाताचं काय? त्यावर आमच्याकडे दर वेळी वाद.

वकीलीण

२०१० च्या दुरुस्तीने कलम ५१-ई आलं. घर ते काम आणि काम ते घर या वाटेवरचा अपघातही कामातलाच, जर वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल तर. त्याआधी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उलटं म्हटलं होतं. कामगार सायकलवरून पाळीला निघाला होता, कारखाना किलोमीटरभर उरला होता, पाळीला पंधरा मिनिटं होती, आणि त्याला लॉरीने उडवलं. त्याला नाही मिळालं.

२९ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ५१-ई हे स्पष्टीकरणात्मक आहे, म्हणून मागच्या घटनांनाही लागू, असं म्हटलं. ते प्रकरण आपल्याकडचंच, साखर कारखान्याच्या वॉचमनचं, २००३ सालचं. पहाटे तीनच्या ड्यूटीला मोटारसायकलने निघाला होता. निकाल कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याखालचा आहे, पण आधार इएसआयच्या कलमाचा घेतला आहे.

रत्नागिरीचो

एक शंका. मामाला टीबी झाला, पुण्यात खोलीवर बघायला कोणी नाही म्हणून गावी आणला. आता ऑफिस म्हणतं पैसे थांबवू. आजारी माणसाने घरी जायचं नाही?

निवृत्तबाबू

जायचं, पण सांगून. पैसे घेत असताना त्याने इएसआयच्या डॉक्टरच्या उपचाराखाली राहायचं, बरं होण्याच्या आड येईल असं काही करायचं नाही, परवानगीशिवाय भाग सोडायचा नाही आणि बोलावलं तर तपासणीला यायचं, अशा चार अटी आहेत. डॉक्टरकडून गावी जायची लेखी परवानगी घ्या. गावी सरकारी दवाखान्यात उपचार चालू असतील तर तिथले कागद जपा. विशेष परिस्थितीत दुसरा पुरावा मान्य करायचा अधिकार महामंडळाला नियमातच दिलेला आहे. पण तो अधिकार आहे, सक्ती नाही, त्यामुळे कागद जितका पूर्ण तितकं बरं. आणि टीबी ३४ च्या यादीत आहे. मामांची नोकरी दोन वर्षांहून जास्त असेल तर ९१ दिवसांवर थांबू नका, दीर्घ आजारासाठी मागणी करा.

सुनीता_चाकण

काका, कळवते म्हटलं होतं. अर्ज दिला, पोच घेतली. ठेकेदाराने पत्र दिलं नाही, कंपनीच्या एचआर मॅडमनी दिलं. आधारचं नाव दुरुस्त केलं. आता दोन्ही नंबर जोडले गेलेत आणि क्लेम मंजूर दाखवतोय. पण एक विचित्र आहे. भावाने आधी नवीन नंबरवरून स्वतः हिशोब केला होता, तेव्हा रोजचे ३७१ निघत होते. मंजूर ३५२ ने झालेत. कमी का? परत तक्रार करू का?

निवृत्तबाबू

दोन्ही ठेकेदारांकडचे दिवस आणि पगार लिहा, एप्रिल ते सप्टेंबर.

सुनीता_चाकण

जुन्याकडे ६१ दिवस, २८,६७०. नव्याकडे ७४ दिवस, ३९,२२०.

निवृत्तबाबू

बरोबर आहे मग. जुना ठेकेदार रोज ४७० देत होता, नवा ५३०. नुसत्या नव्याचे ७० टक्के धरले तर ३७१. पण नंबर जोडल्यावर सहाही महिने एकत्र धरले जातात. १३५ दिवसांचे ६७,८९०, म्हणजे रोज ५०२.८९, त्याचे ७० टक्के ३५२. तक्रार करू नका, हिशोब चोख आहे.

पण जुन्या ठेकेदाराकडचे दिवस जरा तपासा. एप्रिल ते जूनमध्ये ६१ म्हणजे भावाचे तेव्हा बरेच खाडे होते, हे पटतं का त्याला? नसेल पटत तर जुन्या ठेकेदाराच्या त्या तीन स्लिपा आणि पोर्टलवरचे दिवस शेजारी ठेवा आणि फरक इथे लिहा.

सुनीता_चाकण

विचारलं. तो म्हणतो मे महिन्यात आठ दिवस गावी होता, बाकी रोज गेलाय. स्लिपा शोधतोय.